बारदान वजा

लॅपटॉपला चाळीस हजार म्हणाले.
त्रिशला म्हणाली, "नको. सुटं सुटं घेऊ आणि जोडू. अठरात बसतं."
मी म्हटलं, बसव.
मला त्यातलं कळतं ते एवढंच, की अठरा हजारांसाठी
सांगलीच्या यार्डात किती पोती
माझ्या काट्यावरून जावी लागतात.

तिनं वहीच्या मधोमध रेघ मारली,
डावीकडे भाग, उजवीकडे भाव,
थेट आमच्या अडत्यासारखी.
प्रोसेसर पुण्यातल्या कुणाचा तरी वापरलेला, सहा हजार,
एसटीच्या पार्सलनं चपलेच्या खोक्यात आला.
मॉनिटर बुडालेल्या पतसंस्थेचा.
अजून त्याच्या कोपऱ्यात, पडदा पांढरा केला की,
पुसट दिसतं: दामदुप्पट.

डबा मात्र फुकट.
हळदीच्या पेढीवर शेठ भंगार काढत होते,
म्हणाले, "तोलार, न्या उचलून."

मग मिरजेला, इलाहीभाईंच्या दुकानात
पॉवर सप्लाय पुढ्यात आला. सातशे रुपये.
वर आकडा छापलेला, साडेचारशे वॅट.
पोरगी वहीत बघू लागली, चौदाशे वाचत होते.
मी आपला सहज हातात घेतला.

सव्वीस वर्षं पोत्याचा कान धरून सांगत आलोय,
यात ओल आहे, यात माती आहे,
हे काल रात्री कुणीतरी उसवून परत शिवलंय.
"इलाहीभाई, हा पोकळ आहे."
काउंटरवरचा पोरगा हसला.
इलाहीभाई हसले नाहीत. आत गेले,
धुळीनं माखलेला दुसरा घेऊन आले, बावीसशेचा.
हातात घेतला तसं मनगट खाली गेलं.
"हा."
त्रिशलानं सातशे खोडले.
हिशेब शंभर रुपयांनी वर गेला,
ते शंभर तिनं वहीत माझ्या नावावर मांडले.

रविवारी आईच्या शिलाई मशीनचं टेबल मोकळं केलं.
"आधी खिडकीच्या गजाला हात लावा,
अंगातली वीज उतरू दे," असं म्हणून
तिनं आम्हा सगळ्यांना एकेक करून गजाला लावलं,
धाकट्याला तर दोनदा.
प्रोसेसरवर पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी.
"एवढ्यानं काय होतंय गं?" आई म्हणाली.
"एवढीच लागते."

बटण दाबलं. काही नाही.
परत दाबलं.
पडदा काळा, घर गप्प,
टेबलाखाली पायटा तेवढा हलत होता,
तिचाच पाय, तिला माहीत नव्हतं.

मग तिनं रॅमची पट्टी उपसली,
धाकट्याचं खोडरबर मागितलं,
सोनेरी दात हळूहळू घासले,
फुंकर मारून परत बसवली. दोन्ही अंगठ्यांनी.
टक्.

पंखा फिरला
आणि डब्याच्या पाठीतून हळद उडाली.
चमचाभर असेल, कुठल्या सालातली कुणास ठाऊक,
पेढीवरून आतच बसून आलेली,
तिच्या केसांवर, वहीवर, धुतलेल्या चादरीवर.
आई म्हणाली, "लागली बघा हळद!"
"आई, गप."
पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती,
ती वाचत होती, आम्ही तिच्याकडं बघत होतो.

रात्री सगळी झोपल्यावर मी तो डबा उचलून पाहिला.
आठ किलो. शे-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं.
सवयीनं बारदान वजा करत गेलो,
पत्रा गेला, पंखे गेले,
मीच निवडलेला तो जड ठोकळाही गेला.
ती म्हणते, खरं काम करतो तो प्रोसेसर,
बिस्किटाएवढा.
आमच्या काट्याचा आकडा त्यानं हलणारसुद्धा नाही.

चार स्क्रू उरलेत.
ती म्हणते, उरतातच.
आमच्याकडं काही उरून चालत नाही,
पट्टीत सगळं दाखवावं लागतं.
खिशात टाकलेत.
सकाळी काट्यावर वाकलो की वाजतात.